मिरचीवरचा कोकडा: कोळी की फुलकिडा? सात महिन्यांच्या नोंदी

मागच्या हंगामात दीड एकर मिरचीवर कोकडा पडला. दुकानातून फुलकिड्यांचं (थ्रिप्सचं) औषध आणलं, मारलं. आठ दिवसांनी दुसरं, मग तिसरं, मग चौथं. औषधाचेच ११,४०० रुपये गेले, फवारणीची मजुरी वेगळी. शेंडे काही उघडले नाहीत. हंगाम संपत आल्यावर धुळ्याच्या एका सरांना फांदी दाखवली. त्यांनी शेंड्याचं पान उलटं करून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मला म्हणाले, "बघा." पिवळा कोळी होता. जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. चारही औषधं किड्यांची होती आणि हा किडाच नव्हता.

आमच्याकडे दोंडाईचापासून नंदुरबारपर्यंत मिरचीचं पान वळलं की त्याला कोकडाच म्हणतात, मग कारण काहीही असो. फुलकिडे लागले की पान वरच्या बाजूला वळतं, सरळ ठेवलेल्या होडीसारखं. पिवळा कोळी लागला की ते खाली वळतं, होडी पालथी घातल्यासारखं, आणि देठ लांबतो. ऐकायला सोपं वाटतं. वावरात दोन्ही एकत्र असतात, वर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो, आणि एकाच झाडावर तिन्ही तऱ्हेची पानं सापडतात. म्हणून या वर्षी ठरवलं की पानावर विसंबायचं नाही, पानावरचा जीव बघायचा. त्यासाठी मिरची, भेंडी, पपई, तूर, कापूस यांवरच्या किडींच्या स्लाइड बनवून एक पेटी तयार करायची, म्हणजे शेजारपाजारच्यांना ताडून बघता येईल. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्यांचे वाचावेत, म्हणून या नोंदी.

८ मे

एका बंद पडलेल्या क्लासकडून जुना विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक ५,५०० रुपयांना घेतला. डोळ्याकडचं भिंग १० पट, खालची ४, १०, ४० आणि १०० पट. १०० पटीचं तेलाचं भिंग ओरखडलेलं आहे, पण या कामाला ते लागत नाही. ४० चं भिंग आणि खालचा कंडेन्सर (दिव्याचा उजेड एकवटणारं भिंग) मात्र घेण्याआधी नीट तपासा. मी फक्त दिवा लागतो का एवढंच पाहिलं होतं. नशिबाने दोन्ही चांगले निघाले.

स्लाइडचा डबा १५०, कव्हरस्लिप ९०.

११ मे

तीन दिवस काहीच दिसलं नाही. भेंडीच्या पानावरचे लाल कोळी साध्या भिंगातून पळताना दिसत होते, स्लाइडवर घेतले की पांढऱ्या उजेडात विरघळून गेल्यासारखे व्हायचे. मला वाटलं भिंगच खराब.

चूक उजेडाची होती. दिवा पूर्ण आणि कंडेन्सरचा पडदा सताड उघडा. कोळ्याच्या अंगावरचे केस काचेसारखे पारदर्शक असतात, जास्त उजेडात ते दिसणारच नाहीत. पडदा जवळजवळ मिटत आणला आणि एकेक केस काळ्या रेघेसारखा उभा राहिला. आणखी एक युक्ती सरांनी फोनवर सांगितली: कंडेन्सरखाली अर्ध्या भागावर काळा कागद धरायचा. उजेड तिरपा येतो आणि अंगावरच्या बारीक रेषासुद्धा उठून दिसतात. कागदाला खर्च शून्य, आणि या अख्ख्या कामात सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

१६ मे

नमुने साठवायला ७० टक्के अल्कोहोल लागतं. ते मिळेपर्यंत घरातलं हात धुण्याचं सॅनिटायझर वापरलं, त्यावर ७० टक्के लिहिलेलं होतं म्हणून. असं करू नका. त्यातल्या चिकट जेलची साय प्रत्येक किड्यावर बसली. फुलकिड्यांच्या पंखांची झालर चिकटून एकच काडी झाली. १४ नमुने फेकले. पातळ, पाण्यासारखं स्पिरिटच घ्यायचं.

झालरीचं सांगायला हवं, कारण फुलकिड्याची पहिली खूण तीच. पंख म्हणजे एक अरुंद पट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना लांब केसांची रांग. असे पंख दिसले की बहुतेक फुलकिडाच. पिल्लांना पंख नसतात, तिथे मिशा आणि निमुळतं तोंड बघावं लागतं. या किड्याला डावा जबडा तेवढा असतो, उजवा अंड्यातच जिरून जातो. डाव्या जबड्याने पान टोचायचं आणि नळीने रस ओढायचा. हे वाचून माहीत होतं, पण ४० पटीत तो एकच जबडा प्रत्यक्ष दिसला तेव्हा मी घरात सगळ्यांना हाक मारून बोलावलं.

१९ मे

गडद किड्यांच्या आतलं मांस काढल्याशिवाय बाहेरचं कवच वाचता येत नाही. त्यासाठी १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर ठेवायला सांगतात. आमच्याकडे सध्या पारा ४४ वर आहे, रात्रीही घर तापलेलं असतं. सकाळी पाहिलं तर मावा गायब. म्हणजे कवच होतं, पण पाय एकीकडे, मिशा एकीकडे आणि मागच्या दोन नळ्या, ज्यांवरून मावा ओळखायचा, त्या कुठेच नाहीत.

उन्हाळ्यात खानदेशात रात्रभर हा हिशोब चालत नाही. मी नंतर दर २० मिनिटांनी बघत गेलो. माव्याला दीड तास, फुलकिड्यांना दोन तासांत पुरेसं होतं. कोळ्यांना पोटॅश लावूच नये, केस झडतात. त्यांना लॅक्टिक आम्ल.

२३ मे

कोळ्यांच्या स्लाइडसाठी जगभर जे मिश्रण वापरतात त्यात पाणी ५० मिली, बाभळीच्या जातीचा अरबी डिंक ३० ग्रॅम, क्लोरल हायड्रेट २०० ग्रॅम आणि ग्लिसरीन २० मिली असतं. डिंक मिळाला, ग्लिसरीन मिळालं. क्लोरल हायड्रेट विचारल्यावर रसायनांच्या दुकानदाराने मान हलवली. ते गुंगीचं रसायन आहे, ताडीत भेसळीला वापरतात म्हणून त्यावर कडक नजर असते. बरोबरच आहे त्याचं. दोन चकरा आणि एक दिवस गेला. तुम्ही त्या मागे लागूच नका.

त्याऐवजी ग्लिसरीन जेली केली. बेकरीच्या सामानातलं जिलेटिन १ भाग, पाणी ६ भाग, ग्लिसरीन ७ भाग. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून विरघळवली. संध्याकाळी ११ स्लाइड झाल्या. सुंदर दिसत होत्या.

२६ मे

अकराच्या अकरा गेल्या. पत्र्याच्या खोलीत टेबलावर आडव्या ठेवल्या होत्या. दुपारी जेली वितळली, कव्हरस्लिपा सरकल्या आणि कोळी कडेला वाहून गेले. ही जेली ३५ ते ४० अंशांच्या पुढे टिकत नाही. ज्यांनी ही कृती लिहिली त्यांच्या गावी मे महिना असा नसणार.

३ जून

आठवडाभर खटपट करून दोन वाटा पक्क्या केल्या.

कोळ्यांसाठी लॅक्टिक आम्ल. जिवंत किंवा स्पिरिटमधला कोळी एका थेंबात टाकायचा, वर कव्हरस्लिप, आणि स्लाइड पत्र्याच्या डब्यात घालून गच्चीवर दोन तास उन्हात. डब्यात थर्मामीटर ठेवला तर ६० च्या वर गेला. ज्या उन्हाने जेली वितळवली तेच ऊन इथे कामाला आलं: दुसरीकडे लोक यासाठी विजेची भट्टी लावतात. आतलं सगळं विरघळून कोळी काचेसारखा स्वच्छ होतो, पाय लांब पसरतात. कडेने नेलपॉलिश फिरवलं की काही महिने टिकतो. कायमचा नाही, पण माझ्या कामाला पुरे.

फुलकिड्यांसाठी कॅनडा बाल्सम, म्हणजे झाडाची पारदर्शक चिकट राळ. स्पिरिटची ताकद पायरीपायरीने वाढवत पाणी काढायचं, मग लवंगेचं तेल, मग बाल्समचा थेंब. बाल्समची २५ मिलीची बाटली ३८० रुपये. लवंगेच्या तेलाचा वास तीन दिवस स्वयंपाकघरात होता. हिने विचारलं, "दात दुखतोय का कुणाचा?"

कोळी बाल्सममध्ये घालून पाहिला. घालू नका. बाल्सममधून उजेड जसा वाकतो जवळजवळ तसाच कोळ्याच्या केसांतून वाकतो, त्यामुळे केस मिसळून दिसेनासे होतात. कोळी ओळखायचा तो केसांवरून, मग उरलं काय?

२१ जून

पाऊस. कापूस लावणी. काम बंद.

७ जुलै

मिरचीची लावणी झाली. आज एक नुकसान लक्षात आलं आणि मनाला फार लागलं. मे-जूनमध्ये जमवलेल्या कुप्यांवर बॉलपेनने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या आणि चिठ्ठ्या कुपीच्या आत टाकल्या होत्या. शाई स्पिरिटमध्ये धुऊन गेली. ११ कुप्यांत किडे आहेत, पण कुठल्या वावरातले, कुठल्या पिकावरचे, कधीचे, काही कळत नाही. पीक आणि तारीख नसलेला किडा पेटीत ठेवून काही उपयोग नाही. सगळे टाकून दिले.

शिसपेन्सिल. फक्त शिसपेन्सिल. तिचा ग्राफाइट स्पिरिटमध्ये विरघळत नाही.

१८ जुलै

मिरचीवर पहिले फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला तर सात-आठ पिवळसर रेघा चालायला लागल्या. बारीक ब्रशचे सगळे केस कापून एकच ठेवला आहे, तो स्पिरिटमध्ये बुडवून टेकवला की किडा चिकटून येतो.

तीन स्लाइडांवर मिशांचे सांधे मोजले: आठ. पोटाच्या प्रत्येक वळ्यावर वरच्या बाजूने आडवी गडद रेघ, आणि वळ्यांच्या कडांना दाट बारीक केसांच्या रांगा. अंग फिकट पिवळं. हा मिरचीवरचा नेहमीचा, स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिस.

हे इतकं मोजायची गरज का पडली ते लिहितो. आता दुसराही आहे. थ्रिप्स पार्व्हिस्पिनस, म्हणजे काळे फुलकिडे. भारतात २०१५ साली बंगळूरला पपईवर त्याची नोंद झाली आणि २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणातल्या मिरचीचं त्याने फार मोठं नुकसान केलं. त्याची मादी तपकिरी-काळी, डोकं आणि छाती पोटापेक्षा फिकट, पंख गडद पण मुळाशी पांढरट. मिशांचे सांधे सात. तो फुलांत घुसतो, त्यामुळे फुलं गळतात. नेहमीचा कोवळ्या पानांवर जास्त. म्हणजे शेंडे झटकून भागत नाही, फुलंही उघडून बघायची.

सांधे मोजताना मी दोनदा चुकलो, कारण टोकाचे दोन सांधे अगदी लहान असतात आणि १० पटीत एकच वाटतात. ४० लावा.

२ ऑगस्ट

आज तो सापडला. मागच्या वर्षीचा गुन्हेगार.

पाच दिवसांच्या झडीनंतर ऊन पडलं आणि उत्तरेच्या कोपऱ्यातल्या काही झाडांचे शेंडे खाली वळलेले दिसले. हातातल्या १० पटीच्या भिंगातून पान स्वच्छ वाटलं. अगदी कोवळं, नखाएवढं पान तोडून उलटं करून सूक्ष्मदर्शकाच्या ४ पटीच्या भिंगाखाली ठेवलं. आधी अंडी दिसली. पारदर्शक, लांबट, आणि पाठीवर ओळीने पांढऱ्या टिकल्या, जणू साबुदाण्याच्या दाण्यावर कुणी सुईने चुना लावून ठिपके दिले असावेत. हे अंडं एकदा पाहिलं की दुसऱ्या कशात गल्लत होत नाही. कोळी पळून जातात, अंडं जागेवर असतं. मिरचीवर पिवळा कोळी शोधायचा तर माझ्या मते आधी अंडीच शोधावीत.

मग कोळी. मादी लंबगोल, फिकट पिवळी. तिचे चौथे पाय नावालाच पाय, धाग्यासारखे बारीक आणि टोकाला लांब केस. नर लहान, आणि त्याचे चौथे पाय उलट जाड, चिमट्यासारखे. त्या पायांनी तो मादीची कोशासारखी निपचित अवस्था पाठीवर आडवी उचलून दुसऱ्या पानावर नेतो. मी दोन नर असं ओझं घेऊन चालताना पाहिले. सहा पायांवर चालणं आणि दोन पायांत ओझं.

लांबी मोजली तर अर्धा मिलिमीटर आली. पुस्तकात तर ०.२ च्या आसपास. रात्री अकरापर्यंत हा दुसराच कोणी आहे का म्हणून डोकं खाल्लं. मोजपट्टीची काच (९०० रुपये, १ मिलिमीटरचे १०० भाग) मी ४ पटीच्या भिंगावर जुळवली होती, तिथे एक घर २५ मायक्रॉनचं. मोजलं मात्र १० पटीवर, तिथे घर १० मायक्रॉनचं. २० घरं, म्हणजे २०० मायक्रॉन, म्हणजे ०.२ मिलिमीटर. प्रत्येक भिंगाचा हिशोब वेगळा काढून सूक्ष्मदर्शकाच्या मानेवर चिकटवून ठेवला.

९ ऑगस्ट

गावातल्यांसाठी एक कार्ड छापलं. पोस्टकार्डाएवढं, ४० प्रती, ६४० रुपये. वर मोठ्या अक्षरात: "आधी पाय मोजा. सहा पाय म्हणजे कीटक. आठ पाय म्हणजे कोळी. औषध वेगळं." त्याच संध्याकाळी पारावर वाटली. लोकांना आवडलं.

१३ ऑगस्ट

पुतण्या नववीत आहे. त्याला सूक्ष्मदर्शकाचा नाद लागला आहे. दुपारी वावरातून शेंडा घेऊन आला, स्वतःच स्लाइड केली आणि मला हाक मारली. "काका, हाऊ ते किडा शे. सहाच पाय शेतस."

मी पाहिलं. सहाच होते. पण जीव कोळ्याचाच. अंड्यातून निघालेल्या कोळ्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात, चौथी जोडी पुढच्या अवस्थेत येते. हे मी वाचलेलं होतं. कार्ड लिहिताना आठवलं नाही.

मुलाने कार्डावरचा नियम बरोबर लावला होता आणि उत्तर चुकीचं आलं होतं. चूक कार्डाची. म्हणजे माझ्या कार्डामुळे एखादा माणूस कोळ्यावर पुन्हा किड्याचं औषध मारू शकतो, म्हणजे जे थांबवायला मी हे सुरू केलं तेच. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी जाऊन ३१ कार्डं परत आणली. नऊ सापडली नाहीत. त्या नऊ जणांना फोन केले.

१७ ऑगस्ट

मग कशावर भर द्यायचा? तीन दिवस पेटीतल्या सगळ्या स्लाइड पुन्हा पाहिल्या, पायांकडे न बघता.

मिशा. कीटकाला डोक्यावर मिशांची एक जोडी असते, कोळ्याला कुठल्याच वयात नसते. कोळ्याच्या तोंडाशी दोन आखूड चाचपणारे अवयव असतात, ते नवख्याला मिशा वाटू शकतात. फरक असा की ते तोंडाच्या दोन्ही बाजूंना, खाली वाकलेले असतात. मिशा डोक्याच्या पुढून, डोळ्यांच्या जवळून निघतात. दुसरी खूण अंगाची. किड्याचं डोकं, छाती, पोट असे तीन भाग आणि पोटाला वळ्या. कोळ्याचं अंग एकसंध पिशवीसारखं, पुढे तोंडाचा छोटा भाग जोडलेला.

पाय तिसऱ्या नंबरावर.

याच दिवसांत दुसरं एक दिसलं. जूनमध्ये थंडावा आल्यावर जेलीच्या सहा स्लाइड पुन्हा केल्या होत्या, त्यांवर बुरशी आली. जेलीत जपवणूक करणारं काही घालायला हवं होतं. सर म्हणाले थायमॉल. ते आमच्या काष्टौषधीच्या दुकानात ओव्याचं फूल म्हणून मिळतं, हे मला माहीतच नव्हतं. वाटीभर जेलीला दोन बारीक खडे. नंतरच्या स्लाइडांवर बुरशी आलेली नाही.

२५ ऑगस्ट

उत्तरेच्या कोपऱ्यात दहा झाडांचे शेंडे घेतले, आठांवर पिवळा कोळी. बाकीच्या वावरात दहांपैकी एक. फक्त त्या कोपऱ्यात आणि भोवतालच्या चार ओळींत पाण्यात मिसळणारं गंधक मारलं. संध्याकाळी, कारण भर उन्हात गंधकाने पानं करपतात. सहाव्या दिवशी पुन्हा दहा शेंडे: दोनांवर कोळी, अंडी बरीच कमी.

इमिडाक्लोप्रिडसारखी किड्यांची औषधं कोळ्यावर चालत नाहीत. पायरेथ्रॉइड तर वारंवार मारलं की कोळ्याला खाणारे मरतात आणि कोळी वाढतो. मागच्या वर्षीच्या माझ्या चार फवारण्यांत दोन त्या गटाच्या होत्या. बिलं काढून पाहिली.

५ सप्टेंबर

शेजारच्या नानांच्या वावरातून पानं आणली. त्यांच्यात कोळी भरपूर होते, मी ११ मोजले आणि संध्याकाळी मारायला सांगितलं. घरी येऊन स्लाइड केली. ११ पैकी ७ दुसरेच निघाले. चकचकीत, नासपतीच्या आकाराचे, लांब पायांचे. मुख्य म्हणजे डोळे नाहीत. पिकं खाणाऱ्या लाल कोळ्याला खांद्याशी दोन लाल ठिपके असतात, ते त्याचे डोळे. या कोळ्यांना तसला ठिपका नाही. हे परभक्षी कोळी, दुसऱ्या कोळ्यांना आणि त्यांच्या अंड्यांना खाणारे. एकाच्या अंगात पिवळा रंग भरलेला दिसत होता, पोट भरलेलं होतं.

धावत नानांकडे गेलो. पंप पाठीवर घेतलेला होता. थांबले. रागावले नाहीत, पण म्हणाले, "सकाळी एक सांगतो, संध्याकाळी एक." ते खरंच होतं.

जिवंत पानावर ओळखायची खूण: पान हलकेच फुंकलं की परभक्षी कोळी जोरात पळतो. रस शोषणारा संथ चालतो किंवा बसून राहतो. ही खूण काचेशिवायही चालते.

२१ सप्टेंबर

लाल कोळ्याच्या जातीपर्यंत जाण्याचा प्रयत्न. नऊ दिवस गेले.

टेट्रानिकस वंशातल्या माद्या एकमेकींसारख्या असतात. जात ठरते ती नराच्या जननेंद्रियाच्या टोकाच्या आकारावरून, आणि तो आकार कडेने पाहिला तरच दिसतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून लहान नर, मागे निमुळता, त्याला बरोबर कुशीवर निजवायचं. कव्हरस्लिप ठेवली की तो पाठीवर किंवा पोटावरच पडतो. ३१ नर घेतले, सगळे वाया गेले असं नाही, पण कुशीवर नीट बसले ते दोन. युक्ती अशी: लॅक्टिक आम्ल थोडं कमी घ्यायचं आणि कव्हरस्लिपची एक कड सुईने केसभर सरकवायची, नर लोळतो. जास्त सरकवली तर पाय तुटतात.

दोन्ही स्लाइड सरांकडे पाठवल्या. फवारणी ठरवायला याची गरज नाही, वंश कळला की पुरतं. नऊ दिवस मी हट्टाने दिले आणि पुन्हाही देईन.

१२ ऑक्टोबर

पपईवर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये टाकले तर निळे-काळे पडले. पपईवरच्या पॅराकॉकस मार्जिनॅटसची ही खूणच आहे, स्पिरिट हेच त्याचं परीक्षण. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण असा रंग बदलत नाही, त्याच्या पाठीवरची पांढरी भुकटी पुसली की गडद ठिपक्यांच्या ओळी दिसतात. पपईच्या ढेकणासाठी २०१० साली पोर्टो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या होत्या. माझ्या एका ढेकणाच्या पाठीवर गोल भोक होतं, आतून काहीतरी खाऊन बाहेर पडलेलं. ती स्लाइड वेगळी ठेवली आहे.

१९ ऑक्टोबर

बांधावरच्या तुरीची तीन झाडं वांझ. फुलं नाहीत, पानं बारीक, फिकट-हिरवे चट्टे. पानाच्या खालच्या बाजूला ४० पटीत एक पांढरट अळीसारखा जीव, ०.२ मिलिमीटर, आणि पुढच्या टोकाला फक्त चार पाय. हाही कोळीच. तुरीचा वांझ रोग पसरवणारा. मोठा झाला तरी चारच पाय.

पाय मोजण्याच्या नियमाचा उरलासुरला भरवसाही संपला. मिशांचा नियम इथेही टिकला.

२ नोव्हेंबर

नवं कार्ड छापलं, पुन्हा ६४०. मजकूर:

"आधी मिशा बघा. मिशा असतील तर कीटक. मिशा नसतील तर कोळी, पाय चार असोत, सहा असोत की आठ. कोळी असेल तर फुंकून बघा: पळाला तर थांबा, मारू नका, दाखवायला आणा."

छापण्याआधी या वेळी ते पुतण्याला आणि नानांना दिलं, पेटीतल्या नावं झाकलेल्या दहा स्लाइड समोर ठेवून. पुतण्या दहापैकी दहा. नाना आठ. चुकलेल्या दोन्हींत त्यांनी कोळ्याच्या तोंडाजवळचे चाचपणारे अवयव मिशा म्हणून धरले होते, म्हणून कार्डाच्या मागे त्या दोन्हींचं चित्र शेजारी शेजारी काढून घातलं. चित्र पुतण्याने काढलं.

आतापर्यंतचा खर्च, दोन्ही कार्डं धरून, ९,२०० रुपयांच्या आसपास.

१४ नोव्हेंबर

रात्री नऊला नाना आले. हातात काडेपेटी, तिच्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मिरचीचा शेंडा. मला बाजूला सारून स्वतः खुर्चीवर बसले, पडदा मिटत आणला, पान सरकवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"मिशा नहीत याले," म्हणाले. मग पानावर हळूच फुंकर मारली. "दख, कसा पयस!"

स्लाइड क्र. २७: परभक्षी कोळी, मादी. पीक मिरची, कोवळं पान, खालची बाजू. वावर नानांचं, विहिरीकडची बाजू. १४ नोव्हेंबर. लॅक्टिक आम्ल, नेलपॉलिश. चिठ्ठी शिसपेन्सिलीने.